बुळकांडी गेली, तपासणी राहिली

आज आपण गुरांच्या आजारांची तपासणी आपल्याकडे कशी सुरू झाली ते ऐकणार आहोत. गोष्ट पुण्यातली आहे आणि सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

घरात कुणी फार म्हातारं माणूस असेल तर त्यांना ‘बुळकांडी’ हा शब्द विचारून बघा. ताप, तोंडात फोड, डोळ्यांतून धारा आणि मग पाण्यासारखी ढाळ. आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात रोग जायचा. बैल गेले की नांगर थांबायचा, मोट थांबायची, आणि ज्या घरात म्हैस दुभती होती तिथे पोरांच्या तोंडचं दूधही जायचं. लोक मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन ठेवत. त्यांना आपण हसू नये. रोग बाहेरून येतो आणि त्याला शिवेवर अडवायचा, एवढं त्यांनी नेमकं ओळखलं होतं. हातात साधन मात्र नव्हतं.

इंग्रज सरकारला जाग आली तीही आपल्या शेतकऱ्यासाठी नव्हे, असं आम्हाला वाटतं. लष्कराच्या गाड्या ओढायला बैल लागत, घोडे लागत, आणि शेतसारा वसूल व्हायला शेती चालावी लागे. गुरांच्या साथींची चौकशी करायला एक आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल 1871 साली आला. पुढे 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्यात, तेव्हाच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आज आपण ज्याला इंजिनिअरिंग कॉलेज म्हणतो तिथे, ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. गुरांचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी सरकारने उघडलेली ही देशातली पहिली प्रयोगशाळा. प्रमुख होते डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड, आणि गंमत म्हणजे ते जनावरांचे नव्हे, माणसांचे डॉक्टर होते.

पण पुण्यात ती टिकली नाही. इतका पसरणारा रोग भर वस्तीत ठेवून अभ्यास करणं धोक्याचं, आणि इथली हवाही उष्ण. 1893 मध्ये प्रयोगशाळा थेट हिमालयाच्या कुशीत मुक्तेश्वरला हलवली. 1897 मध्ये क्षयाचा जंतू शोधणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. तिथेच 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवून सौम्य केला आणि त्यातून लस मिळाली. पुण्याच्या त्या रोपट्याचीच आज उत्तर प्रदेशात इज्जतनगरला मोठी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे.

स्वातंत्र्यानंतर 1954 पासून देशभर बुळकांडीची लस टोचायची मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षं लागली. शेवटची केस 1995 साली. मग खरी अवघड पायरी आली, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. रोग गेला हे जगाला पटवायचं कसं? लस टोचलेल्या जनावराच्या रक्तातही रोगाशी लढणारे घटक सापडतात आणि रोग होऊन गेलेल्याच्या रक्तातही. दोन्हींत फरक कळत नाही. म्हणून आधी लस बंद करावी लागली. ज्या लसीने वाचवलं तीच थांबवायची, याला धाडस लागतं. त्यानंतर गावोगावचे रक्ताचे नमुने तपासत राहिले. 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला, 2011 मध्ये सगळं जग. माणसांची देवी गेल्यानंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग.

पुण्यात आता औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. आपल्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून गेलेले नमुने तिथे तपासले जातात. मग आपण तिथे काय पाठवायचं? आमच्या मते सगळ्यात आधी गाभडलेल्या गाई-म्हशीचा नमुना. कारण त्यात आपलाही जीव अडकलेला असतो.

ब्रुसेला नावाचा जंतू 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांना माल्टा बेटावर, तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात सापडला. तो शेळीच्या दुधातून येतो हे कळायला आणखी अठरा वर्षं गेली. आपल्याकडे हा जंतू गाई-म्हशींना गाभण काळाच्या शेवटी-शेवटी गाभडवतो. पडलेलं वासरू, जार, पाणी यांत तो खच्चून भरलेला असतो. आणि तो जार उचलतं कोण? बहुतेक घरी आपणच, उघड्या हातांनी. मग महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, सांधे धरणं, अंगातलं बळ जाणं. डॉक्टरकडे गेल्यावर गोठ्यात काय झालं होतं ते आपण सांगत नाही, आणि तेही विचारत नाहीत.

गाय गाभडली की हातमोजे घालावेत, ते नसतील तर धड, न फाटलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. ते जनावर बाजूला बांधायचं, दूध उकळूनच वापरायचं आणि दवाखान्यात कळवायचं. जार कुत्र्यांपुढे टाकायचा नाही. डॉक्टरांनी बघितल्यावर चुना टाकून खोल पुरायचा. डॉक्टर रक्त घेतात, त्यातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं करून बर्फाच्या डब्यातून पाठवतात. तिथे त्यात गुलाबी रंगाचं द्रावण मिसळतात. गुठळ्या दिसल्या की संशय पक्का होतो. गाभडल्या-गाभडल्या तपासणीत काही दिसलं नाही तरी निश्चिंत होऊ नका, साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या.

याची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच. मोठ्या किंवा गाभण जनावराला ती देत नाहीत. आणि बुळकांडीसारखंच, लस टोचली होती की नाही हे माहीत नसेल तर तपासणीचा अर्थ लावताना घोटाळा होतो. म्हणून कानातला बारा आकडी बिल्ला तोडू नका, आणि नमुन्यावर तो नंबर लिहिलाय का ते उभं राहून बघा.

आणखी एक. नमुन्याच्या फॉर्मवर मालकाचं नाव आणि फोन लिहितात. तो बहुधा घरातल्या पुरुषाचा असतो, आणि निकालाचा निरोप आला तरी गोठ्यात काम करणारीपर्यंत पोचेलच असं नाही. तिथे आपला नंबरही लिहायला सांगायचा.