आवाजाचा लगाम कोणाच्या हातीं?

आज घरोघरीं स्मार्टफोन आहे, आणि त्याच्या साह्यानें चित्र व ध्वनि यांचें एकत्र लेखन करणें ही नित्याची गोष्ट झाली आहे. आजीच्या तोंडच्या ओव्या, एखाद्या वृद्ध गवयाची घरगुती बैठक, असें पुष्कळ कांहीं लोक हौसेनें टिपून ठेवतात. कांहीं जण त्यासाठीं निराळा मायक्रोफोनही विकत घेतात. परंतु मागाहून ऐकावें तों चित्र उत्तम, आणि आवाज मात्र कोठें फाटलेला, तर कोठें पंख्याच्या घरघरीनें भरलेला! असें झालें म्हणजे दोष मायक्रोफोनला दिला जातो. वास्तविक आवाज किती घ्यावा हें ठरविणारा लगाम कोणाच्या हातीं आहे, हा येथें खरा प्रश्न असतो. आणि या प्रश्नामागें आपल्या देशांतलाही सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें फ्रेड गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन तबकड्यांसाठीं उतरवून घेतलें. त्या ध्वनिलेखनांत मायक्रोफोन नव्हता. होता तो एक कर्णा. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशीं पातळ पडदा असे, आणि त्याच्या कंपनांनीं सुई मेणावर रेघ कोरीत जाई. आवाज कमीअधिक करण्याचें मुख्य साधन म्हणजे गाणाराचें कर्ण्यापासूनचें अंतर. टिपेचा स्वर आला कीं मान मागें घ्यावयाची, खर्जांत उतरतांच तोंड कर्ण्याशीं न्यावयाचें. गाणारास तें न साधलें, तर यंत्राजवळचा मनुष्य त्यास हातानें मागेंपुढें सरकवी. लगाम होता तो असा उघडा आणि मानवी होता.

१९२५ सालीं विद्युत् ध्वनिलेखन प्रचारांत आलें, आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन व वर्धक आले. आतां गाणाराला ढकलण्याचें कारण उरलें नाहीं. खुंटी पिळली कीं आवाज चढे अथवा उतरे. खुंटीशीं बसणारा मनुष्य हा एक नवाच कारागीर या वेळीं जन्मास आला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट झळकला. त्याचें ध्वनिलेखन आर्देशीर इराणी यांनीं स्वतः हातीं घेतलें होतें. स्टुडिओशेजारून आगगाड्या जात, म्हणून बरेंचसें काम रात्रीं, गाड्या थांबल्यावर चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवून ठेवावे लागत. वापरलेलें टॅनार यंत्र चित्र व ध्वनि एकाच फिल्मवर, एकाच वेळीं टिपीत असे. म्हणजे आवाज फाटला कीं चांगलें वठलेलें चित्रही वाया. आपल्या खिशांतील फोनही चित्र व ध्वनि असेच एका दमांत टिपतो. त्या अर्थीं तो या टॅनारचा वंशज म्हणावा लागेल.

खुंटी आली, पण ती किती पिळावी? १९३९ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळा आणि एन.बी.सी. व सी.बी.एस. या नभोवाणी संस्था यांनीं मिळून व्ही.यू. मीटर नांवाचा मापक ठरविला. त्याचा कांटा हेतुपुरस्सर संथ ठेविलेला आहे. आवाजाची खरी पातळी दाखविण्यास तो सेकंदाचे सुमारें तीन-दशांश घेतो. त्यामुळें त्यावर बोलण्याची सरासरी नीट वाचतां येते. परंतु तबल्यावरील थाप त्याला पुरती दिसण्यापूर्वींच निघून जाते. म्हणून जाणता कारागीर कांटा कधीं माथ्याला भिडूं देत नसे; अनपेक्षित थापेसाठीं वर थोडी जागा राखून ठेवी.

इकडे मनुष्याशिवाय खुंटी फिरविण्याची युक्ति निघालीच होती. १९२५ सालीं हॅरॉल्ड व्हीलर या अमेरिकन अभियंत्यानें रेडिओसाठीं आपोआप आवाज सांवरणारें मंडल शोधून काढलें. जवळचें केंद्र मोठ्यानें ऐकूं येई, दूरचें क्षीण. ही तफावत त्यानें मिटविली. येथें एक बारकावा ध्यानांत घ्यावा. व्हीलरचें मंडल वाहक लहरीचें बळ मोजीत असे, गाण्याचा चढउतार नव्हे. म्हणून गाण्याला त्यापासून धक्का पोंचत नसे. पुढें हेंच तत्त्व ध्वनिलेखन यंत्रांत, कॅसेट रेकॉर्डरांत आणि अखेर फोनमध्यें उतरलें. तेथें मात्र तें प्रत्यक्ष आवाजच मोजतें, आणि आवाजच सपाट करतें. गायिका मंद्र षड्जावर विसांवली कीं मंडलास वाटतें, आवाज कमी पडला. तें खुंटी चढवितें, आणि पंखा व रस्ता दोन्ही बैठकींत येऊन बसतात. समेवर थाप पडतांच तें घाबरून खुंटी उतरवितें, आणि मागोमाग येणारा स्वर बुडून जातो. गाणाराच्या विसाव्यांत जो अर्थ असतो, तो मंडलास ठाऊक नसतो.

मग आपण करावें काय? प्रथम, बाहेरचा मायक्रोफोन फोननें स्वीकारला आहे कीं नाहीं हें पाहावें. साडेतीन मिलिमीटरच्या भोंकांत बसणाऱ्या फोनच्या खिट्टीस चार पट्टे असतात, कॅमेऱ्याच्या खिट्टीस तीन. तीनवाली फोनला लावल्यास बहुधा फोनचाच मायक्रोफोन चालू राहतो. दुसरें, ज्या ॲपमध्यें पातळी दिसते व हातानें बदलतां येते असें ॲप घ्यावें, आणि आपोआप सांवरण्याची सोय असल्यास ती बंद करावी. तिसरें, खुंट्या दोन असतात, एक बिनतारी मायक्रोफोनच्या संचावर व दुसरी फोनमध्यें. पहिल्या दारांतच आवाज फाटला, तर दुसऱ्या खुंटीनें तो सांधतां येत नाहीं. म्हणून गाणारास सर्वांत चढ्या जागेचे दोन आवर्तन म्हणावयास सांगावें, आणि शिखरें उणें बारा डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवावी. फोनमधील ध्वनि संख्यांत लिहिला जातो. सर्वांत मोठ्या संख्येवर जें जाईल तें कापलेंच गेलें. उलट, सोळा बिटांच्या लेखनासही सुमारें शहाण्णव डेसिबलांचा पल्ला असतो. तेव्हां थोडा कमी घेतलेला आवाज मागाहून वाढवितां येतो.

आणि ज्यांच्या फोनमध्यें यांपैकीं कांहींच नाहीं, त्यांनींही निराश होऊं नये. मोकळ्या जागीं मायक्रोफोन निम्म्या अंतरावर आणला, कीं आवाज सहा डेसिबलांनीं वाढतो, पंखा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. मूळचाच आवाज भरपूर मिळाला म्हणजे मंडलास खुंटी फार चढविण्याचें कारण उरत नाहीं. अर्धा मिनिट टिपून, कानाला हेडफोन लावून ऐकावें, मग मायक्रोफोन बोटभर पुढें किंवा मागें सरकवावा. गैसबर्गच्या काळचा हा लगाम अजून तुटलेला नाहीं. वृद्धांचे आवाज दुसऱ्यांदा टिपण्याची संधि पुष्कळदां मिळत नाहीं. म्हणून लेखनाचा आरंभ करण्यापूर्वींचीं ही दोन मिनिटें त्यांच्यासाठीं अवश्य खर्चावींत.