कल्हई आणि बालयकृताचा रोग

लढायांचा व तहनाम्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. चुलीवरच्या भांड्याचा इतिहास लिहिण्याचें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु ज्या भांड्यांत तान्ह्या मुलाचें दूध तापतें त्या भांड्यालाहि इतिहास असतो, आणि तो कधीं कधीं मुलाच्या प्राणाशीं जाऊन भिडतो. पुणें शहरांत असा एक इतिहास घडून गेला आहे. त्याचें एक टोक कसबा पेठेंतील तांबट आळींत आहे व दुसरें रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयांत. ह्या दोहोंच्या दरम्यान जो वाद उपस्थित झाला, त्याचा परामर्श आम्ही येथें घेणार आहों.

तांबट आळी पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या त्वष्टा कासार मंडळींनीं वसविली असें सांगतात. तांब्याचा पत्रा ठोकून हंडे, घागरी, बंब व तपेलीं घडवावीं आणि त्यांवर हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनीं मठारकाम करावें, हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा. तांब्यापितळेचीं भांडीं म्हणजे महाराष्ट्रीय गृहस्थाची दौलत. मुलीच्या लग्नांत तीं द्यावयाचीं, अडचणीच्या वेळीं तींच गहाण टाकावयाचीं, आणि सणावारीं चिंचेनें घासून लखलखीत मांडावयाचीं.

पण ही दौलत अन्नाला चावते, हें आमच्या वाडवडिलांस पक्कें ठाऊक होतें. ताक किंवा आमटी पितळेच्या उघड्या भांड्यांत राहिली कीं ती हिरवट होते व तोंडांत धरवत नाहीं. अशा अन्नाला मराठींत ‘कळकलेलें’ असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या अनुभवाला भाषेनें स्वतंत्र क्रियापद दिलें, तो अनुभव घरोघरचा असला पाहिजे हें उघड आहे. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाल्यानें गल्लींत येऊन भाता लावावा, भांडें तापवावें, नवसागराची पूड टाकून धातूवरचा मळ उडवावा, कथलाची कांडी फिरवावी आणि कापसाच्या बोळ्यानें तो रस आंतून सर्वत्र सारवावा. तांबें व अन्न ह्यांच्यामध्यें कथलाचा हा पातळ पडदा उभा राही. तो झिजला कीं पुन्हा कल्हई, असा क्रम होता. हा खर्च पुन्हा पुन्हा करावा लागे. म्हणून पडदा झिजला तरी भांडें तसेंच वापरण्याचा मोह पडे. आणि दुधाच्या बाबतींत हा मोह अधिक, कारण दूध आंबट नाहीं व तें कळकल्याचें जिभेला चटकन् कळत नाहीं.

आतां दुसऱ्या टोकाकडे वळूं. सन १८८७ सालीं कलकत्त्यास सेन नांवाच्या डॉक्टरांनीं लहान मुलांच्या यकृताच्या एका घातक रोगाचें वर्णन केलें. सहा महिन्यांपासून तीनचार वर्षांपर्यंतचें मूल किरकिरें होई, त्याचें पोट वाढे, यकृत दगडासारखें कठिण लागे. मग कावीळ, जलोदर, आणि बहुधा कांहीं महिन्यांतच मृत्यु. वैद्यकाच्या ग्रंथांत ह्याला ‘भारतीय बालयकृताचा रोग’ असेंच नांव पडलें. ह्याचें सर्वांत क्रूर लक्षण असें कीं एकाच घरांत एकामागून एक मुलें ह्यास बळी पडत. त्यामुळें कोणी घराण्याचा दोष म्हणत, तर कोणी नशिबाचा. आणि हे दोन्ही बोल शेवटीं आईच्या वांट्याला येत. जी बाई दोन मुलें गमावून तिसऱ्याला मांडीवर घेऊन बसली असेल, तिला ह्या शब्दांचा भार किती वाटला असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

सन १९७९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत असें प्रसिद्ध झालें कीं ह्या मुलांच्या यकृतांत तांब्याचा सांठा नेहमीच्या मानानें कित्येक पट अधिक असतो. ह्या शोधांत इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर ह्यांच्याबरोबर पुण्याचे डॉ. आनंद पंडित होते. तांबें आलें कोठून, हा पुढचा प्रश्न. त्याचें उत्तर शोधावयास प्रयोगशाळेइतकेंच स्वयंपाकघर उपयोगी पडलें. टॅनर, पंडित आणि डॉ. शीला भावे ह्या मंडळींनीं मुलांस काय पाजलें, केव्हांपासून पाजलें व कोणत्या भांड्यांत तापवून ठेवलें, ह्याची विचारपूस केली. सन १९८३ सालीं त्यांनीं आपलें अनुमान मांडलें, आणि १९८७ सालीं रोगी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. रोगी मुलांस वरचें दूध लवकर सुरू झालें होतें, आणि तें पितळेच्या भांड्यांत तापवून ठेवण्याची चाल त्यांच्या घरीं अधिक आढळली. दुधांतील केसीन नांवाचें द्रव्य तांब्याला धरून ठेवतें. शिवाय अर्भकाच्या यकृतांत गर्भावस्थेंतलाच तांब्याचा सांठा असतो, आणि पित्तावाटें तांबें बाहेर टाकण्याची त्याची शक्ति अपुरी असते. मोठ्या माणसाला जें पचून जातें तें तान्ह्याला भारी पडतें तें ह्यामुळें.

ह्या मतावर आक्षेप आले, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. हीं भांडीं शतकानुशतकें वापरांत असतां सर्वच मुलें कां मेलीं नाहींत? एकाच तपेल्यांतलें दूध पिऊन एक भाऊ दगावतो आणि दुसरा धडधाकट राहतो, हें कसें? पितळेचा संबंध न आलेल्या मुलांतहि रोग दिसल्याचें कांहीं डॉक्टरांनीं सांगितलें, त्याची वाट काय? यकृत बिघडल्यामुळेंच तर तांबें सांचत नसेल?

ह्या वादावर थोडा प्रकाश पडला तो दूरच्या ऑस्ट्रियांतून. तेथील टिरोल प्रांतांत सन १९०० ते १९७४ ह्या काळांत १३८ अर्भकें अशाच रोगानें दगावल्याचें सन १९९६ सालीं ‘लॅन्सेट’मध्येंच प्रसिद्ध झालें. तेथेंहि बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत गाईचें दूध उकळण्याची चाल होती, आणि भांडीं बदलल्यावर रोग नाहींसा झाला. परंतु घराण्यांचा मागोवा घेतां आनुवंशिक दुर्बलताहि दिसून आली. आमच्या मतें वादाचा निकाल ह्यांतच आहे. बीज घराण्यांत असेल, पण त्याला पाणी घातलें भांड्यानें. प्रत्येक रोग्याचा उलगडा ह्यानें होतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण घराणें बदलतां येत नाहीं, भांडें बदलतां येतें. व्यवहाराला एवढें पुरे आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनीं तेंच केलें. अंगावरचें दूध पाजा, वरचें द्यावयाचें तर पितळेंत ठेवूं नका, असा उपदेश त्यांनीं केला, आणि रोगाच्या प्रतिबंधाविषयीं १९९२ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पेनिसिलामीन ह्या तांबें बाहेर काढणाऱ्या औषधानें वेळेवर आलेलीं कांहीं मुलें वांचलीं व पुढें चांगलीं वाढलीं. त्याच सुमारास घरोघर स्टेनलेस स्टील आलें. रोग हटला ह्याचें श्रेय उपदेशाला किती व बाजाराला किती, ह्याची वांटणी करीत बसण्यांत अर्थ नाहीं. एके काळीं रुग्णालयांत नित्य दिसणारा हा रोग आज दुर्मिळ झाला आहे, हें खरें.

सांप्रत तांब्याच्या बाटलींतून पाणी पिण्याची टूम निघाली आहे, आणि ‘आमचे पूर्वज असेंच करीत’ हें तिचें समर्थन आहे. साधें पाणी म्हणजे दूध नव्हे, आणि मोठा माणूस म्हणजे तान्हें मूल नव्हे, हें खरें. जागतिक आरोग्य संघटनाहि पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबें चालतें असें म्हणते. पण त्याच बाटलींत लिंबाचें सरबत भरणाऱ्यानें पूर्वजांचें नांव घेऊं नये. पूर्वज तांबें वापरीत तसे त्याला कल्हईहि लावीत, आणि आंबट त्यांत ठेवीत नसत. कल्हई करतांनाहि कथील शुद्ध आहे कीं त्यांत शिसें मिसळलें आहे, हें पाहिलें पाहिजे. कारण शिशाचें निर्धोक असें प्रमाणच आढळलेलें नाहीं. चालीचा अर्धा भाग उचलून अर्धा टाकणें ह्याला परंपरेचा अभिमान म्हणत नाहींत. तपेल्यांतल्या दुधाविषयीं आयांना प्रश्न विचारले गेले, तेव्हां त्या मुलांचा मारेकरी सांपडला. असे प्रश्न विचारण्याची संवय घरांत टिकली तर ह्या इतिहासाचें सार्थक झालें.