दिलकुशाचे खांब, समुद्रातली कौलं

आर्मी मेडिकल कोअरच्या (एएमसी) सेंटरमधली ड्यूटी संपवून तुम्ही दिलकुशा कोठीत येऊन बसता. लखनौच्या छावणीत समुद्र आठवायला याहून कोरडी जागा नाही. १८५७च्या लढाईने कोठी खिळखिळी केली. आता बिनछपराच्या भिंती, काही उघडे खांब आणि वर आभाळ. पाहता पाहता ते आभाळ हिरवं होतं.

गोवा. मुरगावच्या बाहेर, सेंट जॉर्जचा खडक. तोंडात रेग्युलेटर, पाठीवर टाकी. जरा खाली गेलात की कानांना दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारा. श्वास मात्र रोखू नका. नजर थोड्याच अंतरावर अडते. इथलं पाणी जाहिरातींइतकं निळं नसतं.

काळात मागे जाताना पहिला मुक्काम विसावं शतक सरतानाचा. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे तळावर बुडालेल्या जहाजाचं मोजमाप घेतायत. सोन्याची पेटी वगैरे विसरा. कौलं! छपराची, आढ्यावरची, शिवाय फरशा, नळ, आणि नक्षीदार स्तंभशीर्षं, तीही भाजक्या मातीची. शिक्का वाचा: बासल मिशन टाइल वर्क्स, १८६५. म्हणजे आजोळच्या छपरावरचं आपलं मंगलोरी कौल.

पण हे साल जहाज बुडाल्याचं नव्हे. जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला नेत्रावतीकाठी कारखाना काढला, त्याचं. तेव्हा १८६५च्या जरा पुढे येऊन थांबा.

रात्र आहे. पायांखाली गलबत. (गलबत मी कल्पनेनं बांधलंय, माल खरा.) पोटात कौलं उभी रचलेली, मधे पेंढा. उत्तरेला आग्वादच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकतोय, १८६४चा, अजून नवाच. तांडेलाची नजर त्या दिव्यावर, आणि खडक पाण्याखाली.

धडक बसते. आधी खालून कौलांचा खळखळाट, मग खलाशांच्या हाका. एवढ्या मातीचा भार घेऊन गलबत फार वेळ तरंगत नाही. तुम्ही त्याच्यासोबत खाली येता. उद्यापासून किडे फळ्या पोखरायला लागतील. भट्टीतून निघालेल्या मातीला ते तोंड लावणार नाहीत.

कुणाच्या तरी व्हरांड्यासाठी निघालेलं एक स्तंभशीर्ष तुमच्या खांद्याजवळून गिरकी घेत जातं आणि वाळूत उलटं रुततं. पेंढ्याच्या काड्या तेवढ्या वर, दिव्याच्या दिशेने, तरंगत निघतात.