मालवण ते नेत्राणी: समुद्राखालचं प्रवाळ बघायला जाताना हे माहीत असू द्या

बेळगावहून आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, कुडाळ आणि पुढे मालवण. कारवारकडून खाली गेलं की अंकोला, कुमटा, होन्नावर आणि मग मुरुडेश्वर. मधे गोवा. राज्यं तीन, पण समुद्र एकच. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत या पट्ट्यात स्कुबा डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंगसाठी गर्दी असते. बरेच जण जाहिरातीतलं निळंशार पाणी आणि रंगीत प्रवाळबागा डोळ्यांसमोर ठेवून येतात. ती छायाचित्रं अनेकदा अंदमान, लक्षद्वीप नाहीतर मालदीवची असतात. आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ थोडं आहे, गढूळ पाण्यात तग धरून आहे आणि जिवंत आहे. हे माहीत असलं तर निराशा होत नाही आणि आपल्या हातून नुकसानही होत नाही.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळ दगडासारखं दिसतं, झाडासारखं वाढतं, पण तो प्राणी आहे. सुईच्या टोकाएवढ्यापासून बोटाच्या पेराएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती कठीण घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं, प्रवाळाला बहुतेक खुराक त्यातूनच मिळतो आणि रंगही मोठ्या प्रमाणात त्याचाच. म्हणून प्रवाळाला उथळ, उबदार आणि ऊन पोचणारं पाणी लागतं.

आपल्याकडे जास्त दिसणारं प्रवाळ गोट्यासारखं किंवा खडकावर पसरलेलं असतं. ते वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा दिसला तर तो कदाचित बघणाऱ्याच्या वयाचा असतो. अंगठीतलं लाल पोवळं मात्र यातलं नव्हे. ते वेगळ्या जातीचं, मुख्यतः भूमध्य समुद्रातून येणारं.

जगात समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे पाव जातींचा आयुष्यात कधी ना कधी त्याच्याशी संबंध येतो. ताटातला गोबरा आणि तांबोशी हे खडकाळ, प्रवाळ असलेल्या भागातलेच मासे.

कुठे काय बघायला मिळतं?

*मालवण:* सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात किल्ला आणि पद्मगडाचा परिसर हा गाभा. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात नवख्यांना उतरवतात. गोट्यासारखं प्रवाळ, पट्टेदार मासे, फुलपाखरू मासे, पोपट मासे दिसतात. रीतसर शिकायचं असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे.

*ग्रँड आयलंड, गोवा:* मुरगावच्या समोरच्या या बेटाभोवती खडक आणि तुरळक प्रवाळ आहे. जवळच ‘सूझीज रेक’ नावाने ओळखले जाणारे बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत. जुन्या लोखंडावर समुद्री जीव वाढलेत आणि आडोशाला मासे जमतात.

*नेत्राणी, कर्नाटक:* मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत, बोटीने तास-दीड तास. किनाऱ्यापासून लांब असल्याने इथलं पाणी मालवण-गोव्यापेक्षा स्वच्छ. चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटरपर्यंतचं दिसतं. तिघांत प्रवाळ आणि मासे बघायला हीच जागा सरस. बोट लागण्याचा त्रास असेल त्यांनी आधी विचार करावा.

*आंग्रिया बँक:* विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखलं जाणारं. प्रवाळ भरपूर, पण माथाच सुमारे वीस मीटर खोल. एका दिवसाच्या सहलीची ही जागा नव्हे.

बडोद्याच्या वाचकांना जामनगरजवळचं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान जवळ पडतं. तिथं नरारा भागात ओहोटीला पाणी ओसरलं की वाटाड्याबरोबर चालत जाऊन प्रवाळ बघता येतं. पोहायची गरजच नाही.

स्नॉर्कलिंग की स्कुबा?

स्नॉर्कलिंगमध्ये चष्मा, तोंडात नळी आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यावर तरंगत खाली बघायचं. पाणी स्वच्छ असेल तरच मजा. स्कुबामध्ये पाठीवर टाकी घेऊन खाली जायचं. टाकीत ऑक्सिजन असतो ही समजूत चुकीची; सहसा तिच्यात दाबून भरलेली साधी हवा असते.

पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन मीटरमध्येच कान दुखतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. दुखत असताना खाली जायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते. श्वास रोखला तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

खाली गेल्यावर लाल रंग आधी नाहीसा होतो, म्हणून सगळं निळं-हिरवं दिसतं. वस्तूही आहेत त्यापेक्षा मोठ्या आणि जवळ वाटतात.

कधी जावं, कुणी टाळावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. अवकाळी पाऊस किंवा वारा झाला की दोन-चार दिवस पाणी गढूळ राहतं, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारावं.

दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं दुखणं असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्कुबा करू नये. गरोदर बायकांनी करूच नये. सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकलावा. दारू पिऊन उतरू नये. एका डाइव्हनंतर विमानप्रवासाला किमान बारा तास जाऊ द्यावेत, जास्त डाइव्ह असतील तर अठरा. दाबोळीहून संध्याकाळचं विमान असणाऱ्यांनी हे आधीच बघावं.

पैसे देण्यापूर्वी

स्वस्त पॅकेज बघून होकार देऊ नये. एका प्रशिक्षकामागे किती जण, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का, बोटीवर प्रथमोपचार आणि ऑक्सिजन आहे का, विमा आहे का, व्हिडिओचे पैसे वेगळे का, हे विचारावं. पावती घ्यावी. आजाराबद्दल काही न विचारता टाकी चढवणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

प्रवाळाचं दुखणं

पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जरी काही आठवडे जास्त राहिलं तरी प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लवकर पाणी निवलं तर ते सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. मालवणला २०१४ च्या उन्हाळ्यात असं ब्लीचिंग नोंदलं गेलं आणि पुढेही झालं. जगभर चौथ्यांदा मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं.

तापमान पर्यटकाच्या हातात नाही. नांगर, पाय आणि हात मात्र आहेत. मालवणात अभयारण्य झाल्यावर मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला. तो प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. आज त्याच घरांतली बरीच मुलं पर्यटकांना बोटीवर नेतात. प्रवाळ गेलं तर जाळ्यातला मासाही जाईल आणि बोटीतला पर्यटकही.

पाण्याखाली एवढं पाळा

- प्रवाळावर उभं राहू नका, धरू नका. काही जातींनी त्वचा भाजल्यासारखी होते.
- फोटोसाठी माशांना पाव-बिस्किट घालू नका, घालणाऱ्याला नको म्हणा.
- बोटवाल्याने प्रवाळावर नांगर टाकू नये, हे सांगायला लाजू नका.
- सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.
- प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाला वाघासारखंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर कुणी विकत असेल तर घेणंही गुन्हा ठरतो.