सोलापूर-तुळजापूरच्या मधला परदेश

हल्ली बऱ्याच मराठी घरांत एक नवीन गणित चालतं. मुलगा जर्मनीत आहे, उद्या नेदरलँड्सला जायचं म्हणतोय. मग परवान्याचं काय, कर कुठे भरायचा? बऱ्याच देशांत वर्षातले 183 दिवस राहिलात की करापुरते तुम्ही तिथले. युरोपीय संघाच्या 2003 च्या नियमानुसार बहुतेक सदस्य देशांत सलग पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर दीर्घकालीन निवासी होता येतं. आपल्याला हे सगळं नवीन वाटतं. पण धाराशिवकडच्या पणजोबांना असले प्रकार ठाऊक होते, आणि तेही फारसं लांब न जाता!

सोलापूरहून तुळजापूर जेमतेम 45 किलोमीटर. 1853 ते 1860 ही वर्षं सोडली (तेव्हा नळदुर्गचा हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता आणि मेडोज टेलर तिथे कारभार बघत होता), तर 1948 पर्यंत एवढ्याशा वाटेत राज्य बदलायचं. सोलापूर, बार्शी इंग्रजांची. तुळजापूर, नळदुर्ग, परांडा निजामाची. भाषा एक, सोयरीक एक, देवीही एकच. मधे मात्र करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. 1802 च्या करारानं तिची मर्यादा शेकडा पाच ठरवलेली. नाणंही वेगळं. इंग्रजी रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली. साधारण सहा कलदारांना सात हाली. बार्शीच्या बाजारात जाणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ हवा.

मालाचं झालं, आता माणसाचं. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी हवी तर तुम्ही 'मुलकी' असायला हवं. 1919 च्या फर्मानाप्रमाणे बाहेरच्या माणसानं संस्थानात किमान 15 वर्षं कायम वास्तव्य केलेलं असावं, आणि आता मूळ गावी परतायचा विचार सोडला आहे असं प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावं. युरोपात पाच, इथे पंधरा! म्हणजे पिढ्यान्पिढ्या तुळजाभवानीला येणारा सोलापूरकर कागदोपत्री गैरमुलकी, परका.

नियमामागचं दुखणं खोटं नव्हतं. बाहेरून शिकून आलेले लोक मोक्याच्या जागा पटकावतात, इथली मुलं मागे राहतात, ही तक्रार जुनीच होती. आजही जगभर परवान्यांचे नियम याच भीतीतून कडक होतात.

पण माझं मन वेगळ्याच ठिकाणी अडकतं. नळदुर्गचा शेतकऱ्याचा पोरगा जन्मानंच मुलकी. त्याला ना पंधरा वर्षं मोजायची, ना प्रतिज्ञापत्र करायचं. पण त्याचा फायदा किती? 1884 पासून कारभाराची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, कचेरीत उर्दू. हक्क होता, पण तिथवर जायची पायरीच नव्हती. सोलापूरचा माणूस कागदावर परका होता. हा आपल्याच राज्याच्या कचेरीत परका होता. वास्तव्याचा दाखला माणसाला आत राहू देतो, आतला करत नाही.

पुढे 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या. हाली रुपया 1950 च्या दशकात गेला. 1956 ला उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. 2023 ला नावही धाराशिव झालं. मुलकीचा वाद मात्र तेलंगणात धुमसत राहिला. 1972 ला सर्वोच्च न्यायालयानं ते नियम वैध ठरवले, आणि 1973 ला संसदेनं कायदा करून ते रद्द केले.

असो. परदेशातल्या मुलाला परवाना मिळाला की आपण पेढे वाटतो, वाटावेतच. पण फोनवर एक जास्तीचा प्रश्न विचारून बघा: तिथली भाषा येते का रे तुला?