पंधरा दिवसांची विश्रांती

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी साखर बघतो, मग कोलेस्टेरॉल. त्याच कागदावर हिमोग्लोबिनच्या आसपास 'हिमॅटोक्रिट' किंवा 'पीसीव्ही' अशी एक ओळ असते. तिच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, एवढंच ती सांगते. पुरुषांमध्ये साधारण ४० ते ५०. माझ्या रिपोर्टात ४३-४४ असतं, आणि ते वाचताना दर वेळी मला मार्को पांतानी आठवतो.

५ जून १९९९ च्या सकाळी इटलीतल्या मादोन्ना दी काम्पिल्यो या डोंगरातल्या गावी त्याचा आकडा ५२ आला. मर्यादा ५० ची होती. नियमानुसार त्याला पंधरा दिवस शर्यतीत उतरता येणार नव्हतं. याला शिक्षा म्हणायचं नाही, असंही नियमच सांगत होता. रक्त फार घट्ट झालं की जिवाला धोका असतो, म्हणून तब्येतीसाठी सक्तीची विश्रांती. पंधरा दिवस. त्या विश्रांतीतून पांतानी खऱ्या अर्थाने कधी परत आलाच नाही. पावणेपाच वर्षांनी, १४ फेब्रुवारी २००४ ला, तो रिमिनीतल्या एका हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडला. कोकेनचा अतिरेक. वय ३४.

पांतानीचं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९८ साली, एका शिळ्या परदेशी क्रीडा मासिकात. तेव्हा मी पुण्यात कॉलेजला सायकलवर जात होतो आणि रविवारी मित्रांबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत मजल मारत होतो. पायथ्यापर्यंतच, कारण वरचा घाट निम्म्यातच सायकलवरून उतरवायचा. फोटोत कोसळत्या पावसात एक तुळतुळीत टक्कल असलेला, मोठ्या कानांचा, किडकिडीत माणूस चढावर सायकलच्या हँडलचा खालचा भाग धरून उभ्याने पॅडल मारत होता. चढावर असं कुणी चालवत नाही. ते पान मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

तो दिवस होता २७ जुलै १९९८. टूर द फ्रान्सचा आल्प्समधला टप्पा, शेवट ले दोझाल्पला. पिवळी जर्सी जर्मनीच्या यान उलरिखच्या अंगावर होती आणि पांतानी त्याच्यापेक्षा तीन मिनिटांनी मागे होता. सुमारे २६०० मीटर उंचीच्या गालिबिए घाटात, शेवटची रेषा जवळपास पन्नास किलोमीटर दूर असताना, तो थंडीपावसात एकटाच निघाला. संध्याकाळी हिशोब झाला तेव्हा उलरिख जवळपास नऊ मिनिटांनी मागे पडला होता. पांतानीने ती टूर जिंकली. त्याआधी दोन महिन्यांपूर्वी त्याने इटलीची मोठी शर्यत, जिरो, जिंकलेली होती. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा तो सातवा. आठव्यासाठी, म्हणजे तादेय पोगाचारसाठी, २०२४ पर्यंत वाट बघावी लागली.

पण मला फोटोइतकीच भुरळ पडली ती त्याखालच्या मजकुराची. तीन वर्षांपूर्वी याच माणसाचा पाय मोडला होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये मिलान-तोरिनो शर्यतीत उतारावर समोरून एक गाडी आली. डाव्या पायाची नडगीची दोन्ही हाडं मोडली. पुन्हा शर्यतीत उतरेल की नाही, इथपासून शंका. १९९६ चा जवळपास सगळा मोसम गेला. १९९७ च्या जिरोत तो परतला, तर उतारावर मांजर आडवं आलं, पुन्हा पडला, पुन्हा शर्यत सोडली. दोनेक महिन्यांत त्याच वर्षीच्या टूरमध्ये आल्प द्युएझचा २१ वळणांचा घाट त्याने सगळ्यांच्या आधी चढला.

चेझेनातिको या समुद्रकाठच्या गावचा हा मुलगा. वडील नळजोडणीचं काम करायचे. आईची पिआदिना विकण्याची टपरी होती. पिआदिना म्हणजे त्या भागातली तव्यावर भाजलेली जाडसर पोळी. डोक्याला फडकं बांधायचा, कानात डूल घालायचा, म्हणून लोक त्याला 'चाचा' म्हणू लागले. पडून पुन्हा उठणारा माणूस लोकांना आवडतोच. मलाही आवडला.

आता या गोष्टीतला अवघड भाग.

एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक तांबड्या पेशींची निर्मिती वाढवतं. ते कृत्रिमरीत्या बनवता येऊ लागलं तेव्हा डायलिसिसवरच्या रुग्णांना मोठाच दिलासा मिळाला. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो, म्हणून ते सायकलपटूंच्या पिशवीतही पोचलं. नव्वदच्या दशकात ते पकडणारी चाचणीच नव्हती. ऑलिंपिकमध्ये ती आली २००० साली, सिडनीला. मग १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मधला मार्ग काढला. औषध सापडत नाही, तर त्याचा परिणाम मोजू. हिमॅटोक्रिट ५० च्या वर गेला की विश्रांती. परिणाम काय झाला? संघ स्वतःच रक्त मोजायची छोटी यंत्रं घेऊन फिरू लागले. ५० ही मर्यादा न राहता भांड्यावरची खूण झाली. तिथपर्यंत भरायला हरकत नाही.

या नियमाची खरी सोय वेगळीच होती. त्यात कुणालाच 'डोपिंग' हा शब्द उच्चारावा लागत नव्हता. खेळाडू दोषी नाही, संघ दोषी नाही, संघटना डोळेझाक करत नाही. सगळे फक्त तब्येतीची काळजी घेत आहेत.

पांतानी निर्दोष होता असं मी म्हणत नाही. १९९५ च्या त्या अपघातानंतर रुग्णालयात केलेल्या तपासणीत त्याचा आकडा ६० च्या वर होता, हे पुढे कोर्टात आलं. त्यावरून त्याला शिक्षा झाली आणि अपिलात ती रद्द झाली, कारण त्या काळी इटलीत तो गुन्हाच नव्हता. २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटचा अहवाल आला. १९९८ च्या टूरचे जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले गेले होते, आणि ईपीओ सापडलेल्यांत पांतानीचं नाव होतं, उलरिखचंही होतं. तिसऱ्या आलेल्या बॉबी ज्युलिकने आधीच कबुली दिली होती. म्हणजे माझ्या त्या जपून ठेवलेल्या पानावरचा पाऊस खरा, घाट खरा, आणि रक्तातलं औषधही खरं.

तरीही मादोन्ना दी काम्पिल्योचा दिवस सरळ नाही. पांतानी तेव्हा गुलाबी जर्सीत होता. चार टप्पे जिंकलेले. त्यातल्या ओरोपाच्या चढावर सायकलची साखळी निसटली, थांबावं लागलं, तरी जवळपास पन्नास जणांना ओलांडून तो पहिला आला. पुढे इतके लोक होते की आपण जिंकलो हेही त्याला कळलं नव्हतं, म्हणून रेषा ओलांडताना त्याने हातसुद्धा उंचावले नाहीत. दुसऱ्यावर साडेपाच मिनिटांहून जास्त आघाडी होती आणि दोनच दिवस उरले होते. सकाळी रक्त घेतलं, आकडा आला, आणि तो पोलिसांच्या गराड्यात हॉटेलबाहेर पडला. बाहेर जमलेल्या पत्रकारांना तो जे म्हणाला त्याचा आशय असा, की आजवर अपघातांतून उठून मी परत आलो, पण या वेळी तळ गाठलाय, आता उठणं फार कठीण. त्याच दिवशी घरी जाताना त्याने दुसरीकडे पुन्हा तपासणी करून घेतली. आकडा ५० च्या खाली आला. दुसऱ्या क्रमांकावरच्या पाओलो साव्होल्देल्लीने त्या दिवशी गुलाबी जर्सी घालायला नकार दिला. नमुन्यात फेरफार झाला, त्यामागे सट्ट्याचा पैसा आणि नेपल्सची कमोरा टोळी होती, असा संशय पुढे घेतला गेला, सरकारी वकिलांनी चौकशीही केली. कुणाला शिक्षा झाली नाही.

पंधरा दिवसांनी त्याला परवानगी होतीच. जुलैत टूर होती. तो गेला नाही.

पुढची वर्षं त्याच्या पुनरागमनाच्या बातम्यांची आहेत. २००० च्या जिरोत तो आयत्या वेळी उतरला आणि संघातल्या स्तेफानो गार्झेल्लीला जिंकायला मदत केली. त्याच जुलैत टूरमध्ये माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या माथ्यावर तो आणि लान्स आर्मस्ट्राँग एकत्र पोचले. पहिला पांतानी. मी तुला जिंकू दिलं, असं आर्मस्ट्राँगने नंतर सांगितलं. दानात मिळालेला विजय त्याला सहन होणं शक्य नव्हतं. तीन दिवसांनी कूरशव्हेलला तो कुणाच्याही मेहेरबानीशिवाय जिंकला. तो त्याचा शेवटचा विजय ठरला. पुढच्या टप्प्यात शेवट फार दूर असतानाच तो पेटून निघाला, पोट बिघडलं, कोसळला, आणि शर्यत सोडून गेला. २००१ च्या जिरोत पोलिसांच्या धाडीनंतर इन्सुलिनच्या सिरिंजचं प्रकरण, त्यातून काही महिन्यांची बंदी. २००३ च्या जिरोत शेवटचा प्रयत्न. एका डोंगरी टप्प्यात जुन्यासारखा सुटलाही, पण पकडला गेला. शेवटी चौदावा. टूरचं निमंत्रण आलं नाही. त्या उन्हाळ्यात तो नैराश्यावरच्या उपचारांसाठी दवाखान्यात दाखल झाला.

मी बरीच वर्षं हा प्रश्न चघळला आहे: मोडलेल्या पायावरून परत येणारा माणूस ५२ या आकड्यावरून परत का येऊ शकला नाही?

मला सुचलेलं उत्तर असं. मोडलेला पाय एक्स-रेत दिसतो. डॉक्टर नाव घेतात, प्लास्टर घालतात, किती महिन्यांनी कुबड्या सुटतील ते सांगतात. बरं होण्याचा रस्ता ठरलेला असतो. १९९९ च्या जखमेचं नावच घ्यायचं नव्हतं. पांतानीने डोपिंग कधी कबूल केलं नाही. कबूल करून तो जाणार कुठे होता? ज्यांनी त्याला काढलं ते म्हणत होते ही विश्रांती आहे, आणि ज्यांच्याबरोबर तो चालवत होता त्यांतले कित्येक तेच करत होते आणि गप्प होते. ज्या आजाराचं नाव घेता येत नाही, त्यातून माणूस बरा कसा होणार? त्याला परत जायचं होतं ते ४ जून १९९९ च्या संध्याकाळी. तो पांतानी जसा दाखवला गेला तसा कधी अस्तित्वातच नव्हता.

इथे उलरिखची आठवण होते. त्याचीही पडझड झाली. २००६ मध्ये टूरच्या तोंडावर बाहेर काढलं, पुढच्या वर्षी निवृत्ती, मग दारू आणि कोकेन, २०१८ मध्ये अटक आणि मानसोपचार. पण २०२३ मध्ये, वयाच्या पन्नाशीला टेकल्यावर, त्याने उघडपणे सांगितलं, हो, मी केलं. त्याला कुणी पिवळी जर्सी परत दिली नाही. पण तो आहे, आणि सायकल चालवतो. पुनरागमन म्हणतात ते असंही असू शकतं. त्यासाठी पांतानीला आणखी काही वर्षं जगायला हवं होतं, आणि खेळाने आधी तोंड उघडायला हवं होतं.

पांतानीने आपल्या पासपोर्टच्या पानांवर काही ओळी लिहून ठेवल्या होत्या. अंत्यविधीच्या वेळी त्या वाचून दाखवल्या गेल्या. त्यातलं एक म्हणणं थोडक्यात असं, की नियम जरूर असावेत, पण सगळ्यांना सारखे. गुन्हेगाराचं नेहमीचं गाऱ्हाणं म्हणून ते सोडून देता येईल. १९९८ च्या टूरच्या पहिल्या तीन नावांकडे बघितलं की मला ते तसं सोडून देता येत नाही.

सिंहगडाचा घाट मी पुढे एकदा न उतरता चढलो. वर पोचल्यावर कानात फक्त स्वतःच्या रक्ताचे ठोके ऐकू येत होते. हे रक्त थोडं जास्त प्राणवायू वाहून नेईल असं त्या क्षणी कुणी सांगितलं असतं, आणि शेजारचे सगळे तेच घेतायत, कुणाला कळणार नाही, असंही सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? माझ्यावर कुणी घर चालवत नव्हतं, कुठला देश माझ्यासाठी रस्त्यावर उभा नव्हता. 'नाही' म्हणालो असतो, असं मला वाटतं. पण खात्रीने सांगता येत नाही, आणि म्हणूनच रिपोर्टातल्या त्या ओळीवर माझी नजर दर वेळी थोडी जास्त रेंगाळते.