उजनीत पर्यटन 'आणायचं' म्हणजे काय?

२०२४ साली राज्य सरकारनं सोलापूर जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात उजनीच्या जलपर्यटनाला मंजुरी दिली. तेव्हापासून आपल्याकडं कट्ट्यावर सुद्धा स्पीडबोट, कयाक असली भाषा सुरू झाली आहे. चांगलंय, यायलाच पाहिजे. पण उजनीत पर्यटन 'आणायचं' हा शब्द मला खटकतो. ते तिथं कधीचंच आहे. ते कुणी उभं केलं हे निदान आपल्याला बार्शीकरांना माहीत असायला हवं, कारण कंदरहून उचललेलं याच जलाशयाचं पाणी आपल्या नळाला येतं.

थोडं मागं जाऊ. भीमेवरच्या या धरणाची पायाभरणी १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली आणि १९८० साली धरण पूर्ण झालं. क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठ्यात. 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते तेव्हाही तळाशी पाणी असतं ते यामुळं. पाणी माढ्यापासून वर करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंडच्या हद्दीपर्यंत पसरलं. त्याखाली काळी कसदार जमीन गेली, मळे गेले, घाट गेले, गावंच्या गावं गेली. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला १९७६ साली. म्हणजे पायाभरणीनंतर दहा वर्षांनी!

रेल्वेसुद्धा सुटली नाही. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये डिकसळपर्यंत आला आणि १८५९ मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला पोचला. (आपली बार्शी लाईट त्यानंतर बरीच उशिरा, १८९७ ची.) धरणामुळं डिकसळजवळचा तो जुना मार्ग सोडून रूळ दुसरीकडून न्यावे लागले. जुन्या पुलावरून मग रस्त्याची वाहतूक चालली. पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिरही पाण्यात गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं आणि लोक फोटो काढायला धावतात. ज्यांचं गाव होतं ते मात्र हात जोडायला जातात.

आता पक्ष्यांकडं येऊ. पाणी पसरट आणि काठ उथळ, त्यामुळं हिवाळा सरला की पाणी मागं हटतं आणि मैलोन्‌मैल गाळ उघडा पडतो. हा गाळ म्हणजे रोहित पक्ष्यांसाठी मांडलेलं ताटच. चोच उलटी पाण्यात घालून ते शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक, मासे उचलणारा कैकर, सगळे इथं. भिगवण-कुंभारगावचं नाव पक्षीप्रेमींच्या तोंडी आलं ते यामुळं.

या पक्ष्यांपर्यंत माणसाला नेलं कुणी? भोई समाजाच्या मच्छीमारांनी. पिढ्यान्‌पिढ्या नदीत जाळी टाकणारे, लोकांना पैलतीरी सोडणारे हे लोक. पहाटे जाळी उचलून आले की त्याच होडीत कॅमेरेवाल्यांना बसवून न्यायचे. कुठल्या बाजूनं गेलं की थवा उडणार नाही, इंजिन कुठं बंद करून वल्हं घ्यायचं, हे त्यांना कुठल्या कोर्सनं शिकवलेलं नाही. दुपारी त्यांच्याच घरी चिलापीचं कालवण आणि भाकरी. पक्षी बघायला गेलेला माणूस अशा रीतीनं त्या लोकांचं जगणंही बघून येतो. सरकारी भाषेत याला आता बहुधा 'अनुभवात्मक पर्यटन' म्हणतील.

कयाकचं नाव निघालंच आहे तर तिच्याबद्दलही सांगतो. ती काही रिसॉर्टवाल्यांनी शोधलेली नाही. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची ती सीलच्या कातड्याची होडी. आज जगभर कयाकमधून समुद्री जीव आणि तिथल्या मूळ लोकांची संस्कृती दाखवणाऱ्या सहली निघतात. त्यात कॅनडाच्या पश्चिमेकडची हैदा ग्वाय बेटं नावाजलेली. तिथल्या हैदा लोकांनी १९८१ पासून आपल्या ओस पडलेल्या जुन्या गावांवर स्वतःच पहारा सुरू केला. १९८५ मध्ये जंगलतोड अडवताना त्यांच्या म्हाताऱ्या माणसांनी अटक करून घेतली. शेवटी १९९३ साली करार झाला. ग्वाय हानास या संरक्षित भागाचा कारभार बघणाऱ्या मंडळात निम्मे हैदा, निम्मे सरकारचे. तिथं जायचं तर आधी माहितीवर्गाला बसावं लागतं, आणि जुन्या गावात एका वेळी १२ जणांपेक्षा जास्त पाहुण्यांना उतरू देत नाहीत. पाहुण्यांना गोष्ट सांगतो तो त्या गावच्या वंशाचा माणूस, ठेकेदाराचा नोकर नव्हे.

आपल्याकडं उलटं व्हायची भीती आहे. मोठी निविदा निघणार, बाहेरची कंपनी येणार, आणि भोयाचा पोरगा तिथं लाईफ जॅकेट वाटायला रोजंदारीवर राहणार. बरं, सुरक्षेचं कारण पुढं करून हे होईल, आणि ते कारण खोटंही नाही. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूरमधलं कळाशी यांच्यामधली प्रवासी होडी वादळात उलटली, सहा जण बुडाले. पण ते सहलीला आलेले नव्हते. धरणानं दोन काठ तोडले आणि रस्त्यानं लांबचा वळसा पडतो म्हणून लोक तिथं होडीतच बसतात. जॅकेट, होड्यांची तपासणी, वाऱ्याचा इशारा हे सगळं ४० वर्षांत द्यायचं कुणी होतं? होडीवाल्यांनी?

म्हणून निविदा काढायच्या आधी कुंभारगाव, डिकसळ, कुगावच्या होडीवाल्यांना बोलवा. होड्यांचे परवाने पहिल्यांदा भोई आणि धरणग्रस्त कुटुंबांना द्या, विमा आणि जॅकेटसाठी आराखड्यातून पैसे ठेवा. रोहितांच्या गाळाजवळ स्पीडबोट नको, तिथं वल्हंच. आणि जे मंडळ नेमाल त्यात निम्म्या खुर्च्या त्यांच्या.